सांग तुह्या मायले

"सांग तुह्या मायले, भाजीत मीठ कमी हाये म्हनाव."

बाबा जेवायला बसलेले आणि माय चुलीपाशी. बाबांनी हात लांबवला असता तर मिठाची वाटी त्यांना आपली आपण घेता आली असती, इतकंच अंतर. पण नाही. मी ताटावरून उठायची, मायसमोर जाऊन उभी राहायची आणि खणखणीत आवाजात सांगायची, "माय, बाबा म्हनते, भाजीत मीठ कमी हाये." माय डोक्यावरचा पदर सारखा करायची, चुलीतलं लाकूड उगाच आत सारायची आणि म्हणायची, "सांग तुह्या बाबाले, काल जास्त झालं होतं म्हनाव. कालचं अन् आजचं मिळून बराबर झालं." मी परत बाबांकडे. पुढच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, आबाजी, बाबांचे वडील, बाजेवर बसलेले असायचे. ते खाकरायचे. त्यांनी सगळं ऐकलेलं, बाबांनी ऐकलेलं, मायनं तर ऐकलेलंच. पण माझ्या तोंडून गेल्याशिवाय ते कुणीच ऐकलेलं नसायचं!

हे मी आजच्या सुनांना सांगते तेव्हा त्या पोट धरून हसतात. एक आगाऊ तर म्हणाली, "काकू, मग तुमचा जन्म तरी कसा झाला?" म्हटलं, बाई, तो निरोप माझ्या हातून गेला नव्हता, मला कसं ठाऊक!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पवनीकडच्या आसगावात आमची धानाची शेती होती आणि घरात माणसं मोजकी. आबाजी, बाबा, माय आणि मी. आजी मी जन्मायच्या आधीच गेलेली. नवराबायकोनं मोठ्या माणसासमोर एकमेकांशी बोलायचं नाही, ही रीत तेव्हा घरोघरी होती. त्याच्याच जोडीला दुसरी रीत होती आणि ती मला आजही खुपते. बापानं आपल्या बापासमोर आपलं लेकरू उचलायचं नाही. मांडीवर घ्यायचं नाही, लाड करायचे नाहीत, नाव घेऊन हाक मारायची नाही. भावाचं लेकरू खुशाल घ्यावं, शेजाऱ्याचं घ्यावं, वासरू घ्यावं, पण स्वतःचं घेतलं की लोक म्हणायचे, लाज सोडली ह्यानं. हा कायदा केला कुणी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आबाजींनी बाबांना कधी असं उचललं नसेल, आणि आबाजींना त्यांच्या बापानं. चालत आलं, चालत राहिलं.

बाबा ही रीत एवढी काटेकोर पाळायचे की राग यावा. एकदा मी वासरामागे धावताना अंगणात आपटले. गुडघा फुटला, रक्त आलं, मी भोकाड पसरलं. बाबा बैलांना तणस, धानाचा पेंढा, टाकत होते. त्यांचा हात तिथल्या तिथे थांबला. आबाजी समोर. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खुंट्याला बांधलेल्या बैलाकडे वळले आणि त्याला म्हणाले, "पाहून चालत जा गा. लागते ना." बैल बिचारा सकाळपासून जागचा हलला नव्हता. माय आतून हळद घेऊन आली, आणि फुंकर घालता घालता हसू दाबत राहिली.

म्हणीत म्हणतात, लेकी बोले सुने लागे. आमच्या घरी लेकीले बोले अन् बायकोले लागे, असा कारभार. आणि त्या कारभाराची मी कारभारीण. माझ्याशिवाय घरातलं पान हलत नव्हतं. भात वाढायचा माझ्यामार्फत, बाजारातून तेल आणायचं माझ्यामार्फत, माहेरी कधी जायचं तेही माझ्यामार्फत. मग मीही शहाणी झाले. निरोपाला आपल्या पदरचं थोडं जोडू लागले. "माय, बाबा म्हनते पानी दे. अन् पोरीले गूळ दे म्हनते." माय माझ्याकडे बघायची, मडक्यातला गूळ काढून हातावर ठेवायची आणि म्हणायची, "सांग तुह्या बाबाले, तुमी लय गुळाचे निरोप धाडून राहिले, मडकं खाली होईन." हा निरोप मी कधीच पोचवला नाही. सपरीत आबाजी दुपट्ट्याआड तोंड लपवून हसायचे, हे मला दिसायचं.

ह्यावरून कुणाला वाटेल की बाबा कोरडे होते. अरे देवा! शेतावरचे बाबा पाहायला पाहिजे होते. घर सोडून गावाबाहेरच्या वळणापाशी आलो, तिथे एक आंबा होता, आणि तो ओलांडला की बाबा दुसरेच. "चढ!" म्हणायचे आणि मला खांद्यावर घ्यायचे. पुढे बोडी लागायची, बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं, तिच्या पाळीवरून आमची वरात निघायची. बाबांचं तोंड तिथून जे सुरू व्हायचं ते थांबायचं नाव नाही. हा बगळा कालचाच आहे का नवा, खेकडा घरात मागून शिरतो का पुढून, धानाला पोट आलं म्हणजे काय झालं. रोवणीच्या दिवसांत त्यांनी मला आमच्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या वाफ्याच्या, कोपऱ्यात चिखलाची ओंजळभर बांधी करून दिली होती, भोवती बारीकसा धुरा, बांध, घालून. त्यात मी स्वतःच्या हातानं धानाची रोपं लावायची. "तुह्या बांधीत पानी कमी हाये, सोड," असं बाबा गंभीर तोंडानं सांगायचे आणि मी तळहातानं पाणी नेऊन घालायची. मध्येच विचारायचे, "काल माय काय म्हनत होती वो? मी जेवून गेल्यावर?" संध्याकाळी माय वेणी घालताना तेच विचारायची, "शेतात बाबा काय बोलले वो?" मी दोघांना दोघांचं सांगायची. त्या दोघांचा संसार असा माझ्या तोंडून चालला होता, आणि मला वाटायचं सगळ्यांचा असाच चालतो.

परत येताना आंबा आला की बाबा वाकायचे. "उतर. आता पायी." मी उतरायची. पुढे आमच्या घराची कवेलू, म्हणजे कौलं, दिसायची आणि बाबा माझ्या पुढे चार पावलं चालू लागायचे, ओळख नसल्यासारखे.

माझ्या पाठीवर भाऊ झाला. घरात पोरगा आला म्हणून आबाजींनी गावभर बुंदी वाटली. आणि त्याच दिवाळीला आत्या आली.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, पवनीला दिलेली. तिच्या मालकांचं कापडाचं दुकान होतं. घरात सगळं होतं, लेकरू तेवढं नव्हतं. तिनं नवस केले, उपास केले, नागपूरच्या डॉक्टरांकडे जाऊन आली, काही झालं नाही. माझ्यावर तिचा भारी जीव. आली की माझ्या डोक्याला एवढं तेल थापायची की कपाळावरून ओघळायचं. त्या दिवाळीला ती आबाजींपाशी बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाबा, ह्याले आता पोरगा झाला. पोरगी मले देऊन टाका. माह्या घरी शिकीन, खाईन, पिईन. परक्याच्या घरी थोडीच जाऊन राहिली?"

आबाजी मनाचे वाईट नव्हते. लेकीचं दुःख त्यांना रोज टोचत होतं, आणि इकडेही आपलंच पोर. आपलेच दात अन् आपलेच ओठ. त्यांनी बाबांना सपरीत बोलावलं. मी खांबाला धरून गोल फिरत होते, सगळं ऐकत होते. आबाजींनी विचारलं, "तुह्या बहिनीची अशी इच्छा हाये. का म्हनतेस?"

बाबा मान खाली घालून म्हणाले, "तुमी म्हनान तसं."

आता हे नीट समजून घ्या. बाबांनी आबाजींना दुसरं उत्तर जन्मात दिलं नव्हतं. कोणता बैल घ्यायचा? तुमी म्हनान तसं. धान केव्हा कापायचं? तुमी म्हनान तसं. मायला पाहायला गेले होते तेव्हा सुद्धा घरी येऊन हेच म्हणाले होते, आणि माय तर त्यांना एवढी आवडली होती की परत येताना बैल हाकायचं विसरले होते म्हणे. म्हणजे ह्या उत्तरात हो पण होतं, नाही पण होतं, आणि काय आहे ते आबाजींनी ओळखून घ्यायचं होतं. ह्या वेळी आबाजींनी हो ओळखलं. चुकले बिचारे, पण त्यांचा तरी काय दोष? ते आत्याला म्हणाले ते माझ्या कानात अजून आहे. "त्याले काय फरक पडते? जलमल्यापासून त्यानं पोरीले हात नाही लावला. मोठा मर्यादेचा पोरगा हाये माहा."

बघा म्हणजे! मर्यादा पाळ पाळ म्हणून पाळायला लावली, आणि पाळली तर म्हणे ह्याला लेकराचा लळाच नाही.

मायला तर कुणी विचारलंच नाही. ती आतल्या दाराशी भावाला पाजत बसली होती. मी धावत जाऊन तिला सांगितलं, "माय, मी आत्याच्या घरी राहाले जाऊन राहिली! पवनीले!" तिनं माझ्याकडे पाहिलं आणि भावाचं तोंड एवढं जवळ घेतलं की तो रडायला लागला.

मी खूश होते, खोटं कशाला सांगू? पवनी म्हणजे केवढं मोठं! बाजार, बांगड्यांची दुकानं, नदीवरचे घाट, आत्याच्या दुकानातले कापडाचे रंगीत गठ्ठे. आत्यानं लाल रिबनी कबूल केल्या होत्या आणि शाळेचं दप्तर. मी गावभर सांगत सुटले. पोरी जळल्या. चुरणं आटोपलं की आत्या न्यायला येणार असं ठरलं होतं, म्हणजे खळ्यावर धान तुडवून, पाखडून घरात आलं की. मी रोज खळ्यावर जाऊन विचारायची, "बाबा, झालं का चुरनं?" बाबा बैलांमागे गोल गोल फिरत असायचे. म्हणायचे, "झालं नाही." गावातल्या सगळ्यांचं झालं, आमचं काही होईना. शेवटी आबाजीच एक दिवस खळ्यावर आले आणि म्हणाले, "तनसात दाना शोधून राहिला का गा? केवढ्या खेपा चुरते?"

त्या दिवसांत बाबा खांद्यावर घेऊन बोलायचे नाहीत. नुसते चालायचे. एकदा तर आंब्यापाशी मला उतरवायचंच विसरले. गावातलं पहिलं घर आलं, तिथली म्हातारी दारात बसली होती, ती डोळे फाडून बघायला लागली, तेव्हा बाबांच्या लक्षात आलं. त्यांनी मला घाईघाईनं खाली ठेवलं आणि चप्पल काढून उगाच झटकली.

घरातले निरोप मात्र वाढले होते. आणि ते सगळे विचित्र. माय म्हणायची, "सांग तुह्या बाबाले, पोरीच्या फराकीले बटन नाही म्हनाव." बाबा म्हणायचे, "सांग मायले, आता बटन कायले? तिकडे नवी फराक शिवून देईन म्हनाव." मी हे आनंदानं नेऊन पोचवायची. मग माय, "सांग, नवी शिवून देईन. पन ह्या जुन्या फराकीचं मी का करू, ते इचार." मी विचारलं. बाबांनी भाताचा घास तोंडाजवळ नेला होता, तो परत ताटात ठेवला. म्हणाले, "सांग मायले, मले ठाऊक नाही म्हनाव." आणि उठून हात धुतले. मला वाटलं, एका फराकीचं एवढं काय ते! मी म्हटलं, "मी घेऊन जाईन ना जुनी पन!" कुणी हसलं नाही.

आत्या येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी बाबा पाणी प्यायला घरात आले. आबाजी सपरीत डोळे मिटून पडले होते. माय चुलीपाशी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "सांग तुह्या बाबाले, उद्यापासून सांगनं कोनाच्या तोंडानं धाडू म्हनाव. पोरगा तर अजून बोलत नाही."

मी तो निरोप बाबांना दिला. जसाच्या तसा. बाबा गडवा हातात धरून उभे राहिले. पाणी प्यायले नाहीत. मी वाट पाहत होते, उत्तर न्यायचं होतं ना. "बाबा, मायले का सांगू?" बाबा म्हणाले, "सांगजो, मी ऐकलं." मी मायला जाऊन सांगितलं, "माय, बाबानं ऐकलं." मायच्या सुपातल्या तांदळावर टपटप पाणी पडलं. मी म्हटलं, माय, तांदूळ ओले करून राहिली ना तू. तिनं मला जवळ ओढून माझ्या डोक्यावर तोंड टेकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या घरची रेंगी आली. रेंगी म्हणजे माणसांना बसायची हलकी बैलबंडी. आत्याचे मालक स्वतः हाकत आले होते, मागे गादी अंथरलेली, बैलांच्या गळ्यात घुंगरं. जेवणं झाली. मायनं माझी वेणी घातली, इतकी घट्ट की डोळे ताणले. माझी पेटी म्हणजे एक पिशवी, ती रेंगीत गेली. आत्या चढून बसली. तिचे मालक कासरे धरून बैलांपुढे उभे. शेजारीण कुंपणावरून बघत होती. माय दाराच्या आत, पदर नाकापर्यंत ओढलेला, भाऊ कडेवर.

मी रेंगीचं चाक धरून चढायला बघत होते, पाय पोचेना. आबाजींचे गुडघे दुखायचे, त्यांना वाकवत नव्हतं. ते बाबांना म्हणाले, "उचल गा तिले. बसव."

बाबांनी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला सांगितलं असेल म्हणून.

"तुलेच म्हनून राहिलो. उचल."

बाबांनी मला उचललं. आमच्या अंगणात, आबाजींच्या समोर, जन्मात पहिल्यांदा. तेही बापाचा हुकूम म्हणून. रेंगीकडे एक पाऊल टाकलं आणि थांबले.

आबाजी म्हणाले, "बसव."

बाबा उभे.

"अरे, बसव ना गा. बैल खोळंबले."

बाबा उभेच. कान लाल झालेले, नजर जमिनीत. "तुमी म्हनान तसं" म्हणणारा माणूस! तोंडानं नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. आबाजींचं 'उचल' ऐकलं, 'बसव' काही त्यांच्या हातानं होईना. मीच वैतागले. "बाबा, बसवा ना मले. आत्या वाट पाहून राहिली." तर त्यांनी मला आणखीच आवळलं.

तेव्हा दारातून मायचा आवाज आला. "ऐक वो पोरी."

सासऱ्याशी माय कधी बोलायची नाही. त्यांच्यासाठी माझ्या हाती निरोप जायचे ते दोनच, आंघोळीचं पाणी काढलं आणि ताट वाढलं. सगळे तिकडे वळले. मायचा शब्द न शब्द स्वच्छ होता. "सांग तुह्या आबाजीले. म्हनाव, मायनं पोरगी देली नाही. मायले कोनी इचारलं नाही, म्हनून मायनं आतापर्यंत सांगतलं नाही."

आबाजींनी ऐकलं. आत्यानं ऐकलं. कुंपणापलीकडच्या शेजारणीनं सुद्धा ऐकलं आणि तोंडाला पदर लावला. पण जागचं कुणी हललं नाही. सगळे माझ्याकडे बघत राहिले. निरोप अजून पोचला नव्हता ना.

मला पवनीला जायचं होतं हो! रेंगीत पिशवी होती, पिशवीत फराकी होत्या, आत्याच्या हातात लाल रिबनी दिसत होत्या. पण निरोप म्हणजे निरोप. बाबांच्या कडेवरून मी आबाजींकडे पाहिलं आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात सांगितलं, "आबाजी, माय म्हनते, पोरगी देली नाही. मायले कोनी इचारलं नाही." मग माझ्या बरगड्या खरंच दुखत होत्या म्हणून तेही सांगितलं. "अन् बाबा मले सोडूनच नाही राहिले, आबाजी. लय आवळून राहिले."

आबाजी बाबांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "काहून गा? मी इचारलं तवा काहून नाही म्हनला नाहीस?"

बाबा म्हणाले, "तुमाले नाही कसा म्हनू जी?"

"मंग आता का करून राहिला?"

बाबा मला धरून उभे होते, तेच उत्तर.

आत्या रेंगीतून उतरली. तिचं तोंड बघवत नव्हतं, असं माय पुढे सांगायची. ती आली, तिनं रिबनी माझ्या मुठीत दिल्या आणि आबाजींना म्हणाली, "राहू द्या, बाबा. मले लेकरू पाह्यजे होतं. बापाच्या हातातून वढलेलं नोको." मग ती आत गेली, मायच्या गळ्यात पडली, आणि दोघी बायका जिथे उभ्या होत्या तिथेच रडल्या. आत्याचे मालक बैलांना सोडून चहा मागायला लागले. आणि जिच्यासाठी एवढं महाभारत झालं ती मी? मी हातपाय झाडत बोंबलत होते, "मले पवनीले जाच हाये! मले पवनीले नेऊन द्या!" शेजारीण म्हणाली, "घ्या! ज्याचं करावं भलं, तो म्हनते माहंच खरं."

पुढे ऐंशीच्या दशकात मी पवनीला गेलेच, शाळेसाठी. आठवडाभर आत्याकडे आणि शनिवारी आसगावला. आत्यानं मला कधी एका शब्दानं तो दिवस काढून दाखवला नाही. डोक्यावर तेल थापलं, अभ्यासाला चिमणीऐवजी चांगला कंदील दिला, परीक्षेला दही हातावर घातलं. तोवर भाऊ बोलायला लागला होता आणि निरोपाचं काम त्याच्याकडे गेलं होतं, पण तो पठ्ठ्या अर्धं विसरायचा, त्यामुळे मायबाबांना हळूहळू सरळच बोलावं लागलं. मला दोन घरं मिळाली आणि दोन्ही घरांत माझ्यासाठी जीव तुटणारी माणसं मिळाली. कुणी मागितलं ते मायेपोटी, कुणी दिलं नाही ते मायेपोटी. एवढं भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, हे कळायला मला स्वतःची लेकरं व्हावी लागली. त्या सगळ्यांचे उपकार मी कोणत्या तोंडानं फेडणार?

पण त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं, आणि ते आबाजींचं आहे.

आत्या घरात गेली, तिचे मालक बैलांना पाण्यावर घेऊन गेले, शेजारीण कुंपणावरून दूर झाली; मग अंगणात आबाजी, बाबा आणि बाबांच्या कडेवर बोंबलणारी मी, एवढेच उरलो. तेव्हा कुठे बाबांच्या ध्यानात आलं की आपण कुणासमोर, कुणाला घेऊन उभे आहोत. त्यांना लाज वाटली. ते मला खाली ठेवायला वाकले. माझे पाय जमिनीला टेकायला आले होते.

आबाजींनी ते पाहिलं. 'असू दे, घे' असं म्हणणं त्यांच्या तोंडाला येणं शक्य नव्हतं, त्यांच्या बापानं त्यांना ते शिकवलंच नव्हतं. ते वळले. सपरीत जाऊन त्यांनी बाज फिरवली आणि अंगणाकडे पाठ, भिंतीकडे तोंड करून बसले. बाबा वाकलेले तसेच थांबले. मग मी पुन्हा वर गेले.

आत्याच्या मालकांनी परत आल्यावर विचारलं, "आबाजी, भिंतीत का पाहून राहिले?"

"काही नाही जी," आबाजी म्हणाले, "बसलो."

रडून रडून मी बाबांच्या खांद्यावर झोपले. दुपार कलली, रेंगी माझ्याशिवायच निघाली, लेकीला निरोप द्यायलाही आबाजी वळले नाहीत. आत्याच त्यांच्यापुढे जाऊन, भिंत आणि बाज ह्यांच्या मध्ये वाकून, पाया पडून आली.